स्वच्छ नळीचं औषध

आमच्या ह्यांचं पहिलं लग्न बॉयलरशी झालं, माझा नंबर त्यानंतरचा. हे मी गमतीने म्हणते असं लोकांना वाटतं. त्यांनी आमच्या घरी एकदा जेवायला यावं. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, आज कुठला व्हॉल्व्ह गळला, उद्या कुठलं पॅकिंग बदलायचं, हे सगळं ऐकल्याशिवाय आमच्याकडे ताटातला भात संपत नाही. लग्न झाल्यापासून मी भाजीबरोबर बॉयलर खात आले आहे.

हे एका लाँड्रीत कामाला आहेत. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे ट्रक भरभरून तिथे येतात. ते धुवायला, वाळवायला आणि दाबायला जी वाफ लागते, ती ह्यांच्या बॉयलरमधून जाते. सगळे ह्यांना मास्तर म्हणतात, आणि ह्यांना ते फार आवडतं. घरात मी म्हटलेलं मात्र आवडत नाही, कारण मी ते भांडतानाच म्हणते.

दोनेक वर्षांपूर्वी ह्यांना हार्ट अटॅक आला. धडधाकट माणूस, अंगावर चिमटीत धरण्याइतकीही चरबी नाही, विडी-सिगारेट नाही. हॉस्पिटलात रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉलसुद्धा बेताचंच. डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या वाहिनीत जाळी बसवली, गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही घरी आलो. तेव्हापासून ह्यांनी पथ्य असं पाळलं की मलाच उकडलेल्या भाज्यांचा वीट आला. तपासणीला गेलो की बाई रिपोर्ट बघून म्हणायच्या, "वा काका, छान आहे. असंच चालू ठेवा." बाहेर येताना ह्यांची छाती फुगलेली असायची. मीही निर्धास्त होते. गोळ्या हे स्वतः आणायचे, स्वतःच घ्यायचे. मी माझ्या शिलाईच्या दुकानात लोकांच्या पँटी लांब आणि आखूड करत बसायचे. नवऱ्याच्या मागे गोळीसाठी धावावं लागत नाही म्हणून मैत्रिणींमध्ये भावही खायचे.

त्या दिवशी बॉयलर उघडायचा होता. वर्षातून एकदा तो थंड करतात, पाणी काढतात आणि हे वरच्या भोकातून आत उतरतात. आतल्या नळ्यांवर पोटावर सरपटत जाऊन हातोडीने एकेक नळी ठोकून बघतात. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर येणार होता. लाँड्री बंद, चादरींचे ढीग छतापर्यंत, हॉस्पिटलांचे फोनवर फोन. हे पहाटेच उठले. चहा अर्धा ठेवला, मान चोळत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"उशी बदल जरा. मान अवघडली आहे."

"उशी कशाला, मानेवरचं बॉयलरचं ओझं उतरवा."

हसले आणि गेले. जाताना म्हणाले, "आज मला जमायचं नाही, माझी औषधं तेवढी आणून ठेव."

म्हणून मी मेडिकलवाल्याकडे गेले. तो पोरगेलासा दिसतो, पण नातवंडं आहेत त्याला. जुना कागद त्याच्या समोर ठेवला. त्याने ड्रॉवर उघडझाप करत पाकिटं काढली, पिशवीत भरली. मी मोजत नव्हते, पण कागदावर ओळी जास्त होत्या आणि पाकिटं कमी.

"एक राहिलं वाटतं," मी म्हटलं.

"ती कोलेस्टेरॉलची ना? ती काका नाही नेत आता. डॉक्टरांनी बंद केली म्हणाले."

"कधी?"

"झाले की बरेच महिने." त्याने माझं तोंड पाहिलं आणि त्याचा हात तसाच राहिला. "का काकू? बंद केली नाही का?"

डॉक्टरीणबाईंकडे प्रत्येक वेळी मी बरोबर गेले होते. कुणी काही बंद केलं नव्हतं. माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि लगेच डोक्यात तिडीकही गेली. आमच्याकडे ही दोन्ही कामं एकदमच होतात.

"द्या ती पण," मी म्हटलं. "आणि मला सांगा, ही मध्येच सोडली तर काय होतं?"

"काकू, मी गोळ्या विकतो. पण ज्याला जाळी बसली आहे त्याने ही आपल्या मनाने सोडू नये, एवढं मला माहीत आहे. डॉक्टरांना फोन करा. आजच."

रस्त्यावर येऊन ह्यांना फोन लावला. वाजत राहिला. वाजणारच. बॉयलरमध्ये उतरताना मोबाईल, घड्याळ, चाव्या, सगळं बाहेर काढून ठेवायचं हा ह्यांचाच नियम. म्हणजे माणूस आत उतरलेला होता. हवा कोंडलेली, वाकायलाही जागा नाही, सगळा जोर छातीवर आणि दंडांवर, आणि महिनोन् महिने औषध नाही. मी दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, बाई पेशंट बघताहेत, नंबर सांगा, त्या करतील. मी म्हटलं, "त्यांना सांगा, जाळीवाले बॉयलरकाका. नाव विसरतील, बॉयलर विसरायच्या नाहीत." प्रत्येक तपासणीला हे त्यांनाही बॉयलर ऐकवायचे.

मग मी चालत सुटले. रिक्षा थांबवण्याचंही भान राहिलं नाही. वाटभर मी ह्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते आणि दर दोन वाक्यांनंतर एकच गोष्ट डोळ्यांसमोर येत होती: हे आत पालथे पडलेले आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

लाँड्रीच्या फाटकात मॅनेजर फोनवर कुणाची तरी समजूत काढत होता. मला बघून त्याने हाताने थांबा अशी खूण केली. मी थांबले नाही.

"वहिनी, आत कुठे? बॉयलर उघडा आहे," तो मागून ओरडला.

"म्हणूनच जाते आहे."

बॉयलरची खोली मी पूर्वी पाहिलेली होती, पण गरम आणि घरघरणारी. आज ती चिडीचूप होती. आडवं पडलेलं एवढं मोठं लोखंडी पिंप, त्याच्यावर चढायला शिडी, शिडीच्या टोकाशी उभं राहण्यापुरता छोटा माचा. माच्यावर ह्यांचा मदतनीस उभा होता. त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण फुंकर मारली तर उडेल असा आहे. पन्नाशीचा माणूस, ह्यांच्या हाताखाली केस पांढरे केलेले. त्याच्या हातात दोरी होती, तिचं दुसरं टोक वरच्या भोकातून आत गेलेलं. एका बाजूला पंखा आत हवा ढकलत होता. आतून आवाज आला: टण्. बऱ्याच वेळाने पुन्हा: टण्.

तो आवाज ऐकला आणि मला रडू फुटता फुटता राहिलं. जिवंत होते. म्हणजे आता भांडायला हरकत नव्हती.

मी पदर खोचला आणि शिडी चढले. पैलवान "वहिनी, वहिनी" करत राहिला. भोक जेमतेम माणूस शिरेल एवढं. आत दिव्याचा पिवळा उजेड, ओळीने नळ्या, आणि लांब पलीकडे ह्यांचा खांदा. हे भिंतीला टेकून बसले होते.

"अहो! बाहेर या."

"तू इथे कशी?" आवाज घुमत आला, जणू विहिरीतून.

"मेडिकलवाल्याकडे गेले होते. बाहेर या, मग सांगते."

आतून म्हणाले, "त्याने सांगितलं वाटतं."

"सांगितलं. तुम्ही सांगितलं नाहीत, त्याने सांगितलं. डॉक्टरांनी बंद केली म्हणे! कोणत्या डॉक्टरांनी? हा पैलवान डॉक्टर झाला का?"

पैलवानाने दोन्ही हात वर केले. दोरी सुटली, ती त्याने पुन्हा पकडली.

"अगं," हे म्हणाले, "नळीत क्षार साचला की आपण काय करतो?"

"मला बॉयलर नको. बाहेर या."

"ॲसिड फिरवतो. क्षार सुटला की ॲसिड काढून टाकतो. ठेवलं तर..." थांबले. "ठेवलं तर ते नळीच खातं. लोखंड खातं. माझ्यात क्षार नाही. तुझ्यासमोर बाई म्हणाल्या, छान आहे. मग ॲसिड कशाला फिरवत ठेवू?"

"त्या असंच चालू ठेवा म्हणाल्या होत्या!"

"पिंढऱ्या दुखायला लागल्या होत्या माझ्या. त्या गोळीने. खायला लागलं होतं ते मला आतून. बंद केली, थांबलं दुखणं."

हे ऐकल्यावर मला समजलं की हा नुसता आळस नव्हता. माणसाने विचार केला होता. तीस वर्षांची नोकरी, रोजचा अनुभव, सगळा पणाला लावून पद्धतशीर चूक केली होती. अशी चूक कुणी ऐऱ्यागैऱ्याने केली नसती, तिला बॉयलरमास्तरच पाहिजे. आळशी माणसाला दटावता येतं. ज्याला आपलं बरोबर वाटतं त्याच्यापुढे काय डोकं आपटायचं?

"पिंढऱ्या दुखत होत्या तर बोलायला काय झालं होतं?"

"तू लगेच बाईंकडे नेलं असतंस."

"नेलंच असतं! बाहेर या आता, अजून नेते."

"एवढी रांग संपवतो. इन्स्पेक्टर उद्या..." पुन्हा थांबले. "उद्या येणार आहे."

हातोडीचा आवाज मात्र येत नव्हता. मला वाटलं, मी बोलते आहे म्हणून थांबलेत. वाटलं, चला, निदान ऐकताहेत तरी.

तेवढ्यात माझा फोन वाजला. डॉक्टरीणबाई. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं: गोळी, ॲसिड, पिंढऱ्या, आणि आत्ता मी बॉयलरवर उभी आहे आणि हे बॉयलरमध्ये बसले आहेत. त्या म्हणाल्या, "मला त्यांच्याशी बोलू द्या."

मी स्पीकर चालू केला आणि हात खांद्यापर्यंत भोकात घातला. बाईंचा आवाज पिंपभर घुमला. पैलवानाने डोक्यावरची टोपी काढली.

"काका, ऐकू येतंय? तुमच्या रक्तवाहिन्या लोखंडाच्या नाहीत. जिवंत आहेत. चरबी नळात कचरा अडकावा तशी अडकत नाही, ती भिंतीच्या आत शिरते. तिथे सूज येते. वर नुसती साय धरलेली असते, पातळ. ती साय फाटली की रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. तुमचा पहिला झटका तसाच होता. कोलेस्टेरॉल तेव्हाही फार नव्हतं, आठवतंय?"

"हं," आतून आलं.

"ही गोळी चरबी कमी करते, ते तिचं एक काम. दुसरं काम रिपोर्टमध्ये दिसत नाही. ती भिंतीची सूज उतरवते. ती साय जाड आणि घट्ट करते. आतलं अस्तर नीट ठेवते, म्हणजे रक्त उगाच गोठत नाही. तुमचा रिपोर्ट चांगला होता म्हणून तुम्हाला गोळी नको, असं नव्हतं. पिंढऱ्या दुखत होत्या तर मी डोस कमी केला असता, दुसरी दिली असती. तुम्ही मला विचारायला हवं होतं. आणि मीही हे तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं, नुसतं छान छान म्हणत बसले."

माझ्या मनात बाईंबद्दल जो राग होता तो तिथेच निवळला. पण ह्यांच्याकडून काही उत्तर येईना. मला वाटलं, पटत नाहीये. ह्यांना डॉक्टरांचं पटत नाही, ह्यांना बॉयलरचंच पटतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. इतकी वर्षं भातासोबत जे ऐकलं ते काही फुकट जात नाही.

"अहो," मी भोकात तोंड घालून ओरडले, "ते तुम्ही रोज पाण्यात औषध सोडता ना? टाकीत? रोज सकाळी?"

"मग?"

"बॉयलर आतून चकचकीत असला तरी सोडता ना? क्षाराचा कण नसला तरी? तुम्ही माझ्या भावाच्या लग्नाला सुट्टी घेतली होती, आणि बदलीच्या माणसाने ते सोडलं नव्हतं. आठवतंय? परत येऊन घर डोक्यावर घेतलं होतंत! काय म्हणाला होतात? क्षार नाही म्हणून डोस बंद केला गाढवाने. आतून नळीला टाचणीएवढे खड्डे पडले आणि नळी त्या खड्ड्यातून फुटली. थर नव्हता, तरी फुटली. तुम्हीच म्हणालात, डोस क्षारासाठी नसतो नुसता, तो लोखंड सांभाळायला असतो!"

पैलवान हळूच म्हणाला, "बरोबर आहे वहिनींचं."

"तुम्ही त्या गोळीला ॲसिड समजलात," मी म्हटलं. "ती ॲसिड नाही. ती रोजचा डोस आहे. तो बदलीवाला गाढव होता ना? मग तुम्ही कोण?"

मी जिंकले होते. मला ते स्वतःला जाणवलं. इतक्या वर्षांत बॉयलरच्या विषयात मी ह्यांना पहिल्यांदा गप्प केलं होतं, आणि चीत केल्याच्या आनंदात मी वाट बघत राहिले की आता हे काहीतरी तिरकस बोलतील आणि सरपटत बाहेर येतील.

ते बोलले. "बरोबर..." आणि पुढचा शब्द आला नाही.

फोनमधून बाईंचा आवाज एकदम बदलला. "काकू, स्पीकर बंद करा. फोन कानाला लावा." मी लावला. "ते एकेक शब्दावर थांबताहेत. मला त्यांचा श्वास इथपर्यंत ऐकू येतोय. त्यांना विचारा, छातीत दुखतंय का. खोटं बोलू नका म्हणावं."

मी विचारलं.

आतून आलं, "छातीत नाही. दाबल्यासारखं... हात जड. मान सकाळपासूनच..."

मान. उशी. मी उशीवरून थट्टा केली होती.

"त्यांना स्वतः चढू देऊ नका," बाई म्हणाल्या. "एक पाऊलसुद्धा नाही. उचलून काढा. ॲम्ब्युलन्स मी पाठवते, पत्ता द्या. औषधं आहेत तुमच्याकडे? त्यात ॲस्पिरिन असेल. ती चावायला द्या, गिळायला नाही."

पिशवी माझ्या मनगटाला लटकलेली होती. मी पाकिटं उलटीसुलटी केली, ॲस्पिरिनचं दातांनी फोडलं आणि गोळी पैलवानाच्या हातावर ठेवली. पैलवान काही न विचारता भोकात पाय सोडून उतरला. त्या भोकातून दोन माणसं एकदम जात नाहीत. वरून बघत राहण्याशिवाय माझ्या हातात काही उरलं नाही. फुंकरीने उडेल असा तो माणूस नळ्यांवरून गुडघ्यांवर सरकत गेला आणि त्याने ह्यांच्या तोंडात गोळी घातली. ह्यांनी माझ्याकडे मान वळवली. पिवळ्या उजेडात तोंड ओल्या पिठासारखं दिसत होतं.

"दोरीने नाही जमायचं," पैलवान ओरडला. "कापेल ती. चादर द्या! जाड, मोठ्यातली!"

मी माच्यावरून खाली ओरडले. इस्त्रीच्या खात्यातल्या बायका दारात गोळा झालेल्या होत्याच. त्यांनी हॉटेलच्या मोठ्या चादरी आणल्या, पीळ देऊन लांब पट्टे केले. कापड किती ताण सोसतं हे त्यांना कुणी सांगायला नको. मॅनेजरनेही टाय सोडला आणि तो शिडीवर चढला. पैलवानाने ह्यांच्या काखांखालून पट्टे घातले, मी वरून टोकं ओढून घेतली, आणि मग सगळ्यांनी मिळून ओढलं. पैलवान खालून डोक्याने रेटत होता. ह्यांचे खांदे भोकात अडकले. मी ह्यांचा एक हात आधी बाहेर काढला, मग दुसरा. बाळंतपणं करणाऱ्या सुईणीला काय वाटत असेल ते मला त्या वेळी कळलं. बाहेर आले तेव्हा डोळे उघडे होते. मला बघून हसायचा प्रयत्न केला, तो मला मुळीच आवडला नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये मी एकही शब्द बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

हॉस्पिटलात ह्यांना सरळ आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. अंगावर बॉयलरचा गंज, हातात औषधांची फाटकी पिशवी. शेजारी पैलवान. त्याच्या दोन्ही गुडघ्यांची पँट फाटून रक्त आलं होतं आणि त्याला ते माहीतही नव्हतं. माझ्यातली शिंपीण सवयीने त्या फाटक्या जागेकडे बघत राहिली, ठिगळ लावावं लागेल की रफू चालेल. दुसरं कशाकडे बघितलं असतं तर मी ओरडले असते.

खूप वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्क खाली केला. "वाहिनी उघडली आहे. जीव वाचला."

पैलवानाने हात जोडले.

"जुनी जाळी छान आहे," त्या म्हणाल्या. "ती जागा नाही बंद झाली. ही दुसरीच. मागच्या वेळी त्या जागेकडे आम्ही बघून न बघितल्यासारखं केलं होतं, इतकी किरकोळ होती. तिथली साय फाटली."

"गोळी घेत राहिले असते तर झालं नसतं?"

"असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. गोळी घेणाऱ्यांनाही होतं. पण शक्यता बरीच कमी होती." मग त्यांनी विचारलं, "दुखणं नक्की कधी सुरू झालं? सकाळचं मान दुखणं सोडा, हे जोराचं. वाहिनी बंद झाल्यापासून जेवढा वेळ जातो तेवढे स्नायू मरतात. बराच भाग गेलाय. अंदाज लागत नाही मला. तुम्ही पोचलात तेव्हा ते काम करत होते ना?"

"हो," मी म्हटलं. "हातोडीचा आवाज येत होता. मग माझ्याशी भांडत होते."

"भांडत होते म्हणजे तेव्हा ठीक असणार," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मलाही तसंच वाटलं. भांडणारा माणूस ठीकच असतो, निदान आमच्या घरात तरी.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. हे उशांवर टेकून होते, नाकात नळी, हाताला सलाईन. बॉयलरच्या आत उतरणं आता जन्मात नाही, जिनासुद्धा बेताने, असं बाईंनी सांगून झालं होतं. ह्यांनी त्यावर वाद घातला नाही. मला तेच जास्त लागलं.

"इन्स्पेक्टर आला होता का?" ह्यांनी विचारलं.

"गेला खड्ड्यात इन्स्पेक्टर. मला सांगा, दुखायला कधी लागलं? बाई विचारत होत्या."

"तू यायच्या आधी."

"किती आधी?"

"थोडं आधी. उठायला गेलो तर पाय उचलेना. म्हणून टेकून बसलो."

"आणि ती हातोडी? आवाज येत होता की!"

"पैलवानाला शंका येऊ नये म्हणून मधूनमधून मारत होतो. बसल्या जागी."

माझ्या कानात ते टण् पुन्हा वाजलं, आणि मधलं लांबलचक थांबणं. "अहो, पण ओरडायचं ना! तो दोरी धरून तिथेच उभा होता!"

"ओरडणारच होतो. तोंड उघडलं आणि तू आलीस. तावातावाने. म्हटलं, सांगितलं तर ही रडायला लागेल, तिथे, त्या माच्यावर. पडेल. म्हटलं थोडं बसू, उतरेल. तू भांडत होतीस तोवर बरं वाटत होतं गं. घरी जेवायला बसल्यासारखं."

बाई बोलल्या ते सगळं, मी ओरडून सांगितलं ते सगळं, बदलीवाला, खड्डे, डोस. मी मुद्दे रचत होते आणि खाली ह्यांचं हृदय तुकड्या-तुकड्याने मरत होतं.

"मी डोसचं बोलले तेव्हा तरी पटलं होतं का?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. मला निदान तेवढं तरी हवं होतं.

ह्यांनी डोळे मिटले. "ते तू यायच्या आधीच पटलं होतं. तिथे एकट्याने छाती धरून बसल्यावर पटायला काय वेळ लागतो? पण तुझं इतकं छान चाललं होतं, मध्येच कसं थांबवू."

मला भयंकर राग आला. ह्यांचा, माझा, कुणाचा ते मला आजही सांगता येणार नाही. मी ह्यांचा हात घट्ट आवळून धरला. नर्स लगबगीने आली आणि म्हणाली, "मावशी, तो सलाईनचा हात आहे. दुसरा धरा." मी उठले आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले.